भूपाल अण्णांची चार ॲपं

माझ्या फोनवर हवामानाची चार ॲपं आहेत. साताऱ्यात शाळेच्या कार्यालयात बसणाऱ्या, नावावर एक गुंठाही जमीन नसलेल्या माणसाला चार सोडा, एकाचीही गरज नाही. छत्री घ्यायची की नाही एवढाच माझा प्रश्न, आणि छत्री मी बारा महिने पिशवीत ठेवतो. बायको अधूनमधून म्हणते, "जागा नाही म्हणून भाचीच्या लग्नाचे फोटो काढून टाकलेत आणि ही ढगांची चित्रं तेवढी ठेवलीत." ती चारही ॲपं मी एकाच माणसाच्या सांगण्यावरून घेतली. त्यांची खरी नावं मला आजही पटकन आठवत नाहीत. आठवतात ती त्या माणसानं ठेवलेली नावं: सरकारी, पाव्हणा, मास्तर आणि रडक्या.

तो माणूस म्हणजे पलूसचे भूपाल अण्णा.

मी मूळचा वाईचा. एका शिक्षणसंस्थेत लिपिक. संस्थेनं पलूसच्या शाळेत पाठवलं तेव्हा अण्णांच्या मळ्याला लागून दोन खोल्या आम्ही भाड्यानं घेतल्या आणि आठ वर्षं तिथं काढली. शाळेतल्या लिपिकाला तिकडं भाऊसाहेब म्हणतात, म्हणून अण्णांच्या लेखी माझं नाव शेवटपर्यंत भाऊसाहेबच राहिलं. पहिल्याच दिवशी मी वाईचा, म्हणजे कृष्णेच्या वरच्या अंगाचा आहे हे कळल्यावर ते म्हणाले, "म्हंजे किस्ना पयली तुमच्याकडं, मग आमच्याकडं. तिकडं जरा जपून वापरा म्हनावं, आमाला गाळून प्यावं लागतंय." ते जैन होते, पाणी खरोखरच गाळून प्यायचे, त्यामुळे यात थट्टा किती आणि तक्रार किती हे मला कळलं नाही.

तेव्हा त्यांचं वय बासष्ट. काटक अंगाचे, पांढरा शर्ट, पांढरी टोपी. शर्टाच्या खिशात मोबाईल, तो दुधाच्या धुतलेल्या पिशवीत गुंडाळलेला आणि वर रबर. दिवसातून पंचवीस-तीस वेळा ते रबर निघायचं आणि परत चढायचं. त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकी, म्हणायच्या, "ताप आलाय का त्या मोबाईलला? सारखं हात लावून बघताय." अण्णा ऐकून न ऐकल्यासारखं करत आणि उजवा हात पुढं काढून तळवा आकाशाकडं धरत. ही त्यांची दुसरी सवय. आकाश स्वच्छ निळं असलं तरी थेंब पडतोय का ते तळव्यावर बघायचं. फेब्रुवारी ते एप्रिल हे तीन महिने तर तो हात खाली आहे असं मी फारसं पाहिलं नाही.

त्या तीन महिन्यांचं कारण बेदाणा. अडीच एकर द्राक्षबाग आणि मळ्याच्या कडेला एक रॅक. रॅक म्हणजे लोखंडी खांबांवर एकावर एक ताणलेल्या जाळ्यांचे सात मजले, वर हिरवं नेट. द्राक्षं औषधाच्या पाण्यात बुडवून त्या जाळ्यांवर पसरायची आणि बारा ते पंधरा दिवस वाऱ्यावर सुकू द्यायची. त्या दिवसांत पाऊस लागला की माल काळा पडतो. काळ्या बेदाण्याला कोणी विचारत नाही. मग वर प्लास्टिकचा कागद टाकून ठेवावा म्हणाल, तर उन्हात कागदाखाली वाफ धरते, मालाला घाम सुटतो आणि तो तसाही काळवंडतो. झाकलं तरी भीती, उघडं ठेवलं तरी भीती. वर्षभराची कमाई पंधरा दिवस उघड्यावर पडलेली. अण्णांचा हात का खाली येत नव्हता ते एवढ्यावरून कळावं.

पण ॲपांची सुरुवात पावसापासून झाली नव्हती. ती झाली जेवणापासून. अण्णा सूर्यास्तानंतर काही खात नसत. पाणीही नाही. पूर्वी अंदाजानं चालायचं. पुण्याच्या मुलानं स्मार्टफोन आणून दिला, त्यात एक ॲप आधीपासूनच होतं आणि त्यात सूर्यास्ताची वेळ होती. न बोलावता आलेलं म्हणून ते पाव्हणा. मुलानं दुसरं, हवामान खात्याचं, घालून दिलं, ते सरकारी. एका संध्याकाळी अण्णा कुंपणाजवळ येऊन म्हणाले, "भाऊसाहेब, पाव्हणा म्हनतोय सहा एक्केचाळीस. सरकारी म्हनतोय सहा त्रेचाळीस. सूर्य तर एकच हाय न्हवं?"

मी म्हटलं, "दोन मिनिटांचा फरक आहे, अण्णा. सोडून द्या."

"दोन मिंटात अर्धी भाकरी व्हती."

त्यांनी आणखी दोन ॲपं घेतली आणि नियम ठरवला: चारांपैकी जो सगळ्यात लवकर सांगेल तो खरा. धोका नको. सहा एक्केचाळीसला ताट बाजूला. या नियमानं त्यांचं व्रत कधी मोडलं नाही, आणि म्हणूनच त्यांनी तो पुढं पावसालाही लावला. चारांपैकी एकानंही पाऊस म्हटलं की झाकायचं. पहिल्या हंगामात त्यांनी एकोणीस वेळा रॅक झाकला. पाऊस आला चार वेळा. उरलेल्या पंधरा वेळा मालाला फुकट घाम फुटला आणि हिरवा यायचा तो बेदाणा तपकिरी आला. सूर्य रोज नक्की मावळतो, पाऊस नक्की नसतो. जेवणाचा नियम पावसाला चालत नाही हे त्यांना एक अख्खा माल देऊन कळलं.

त्या वर्षी एप्रिलच्या शेवटी ते शंभर पानी वही घेऊन माझ्याकडं आले. पहाटे पूजा झाल्यावर बरोबर सहाला चारही ॲपं उघडून कोण काय म्हणतं ते त्यांनी रोज लिहिलं होतं. संध्याकाळी खरं काय झालं ते शेवटच्या रकान्यात. पाऊस मोजायला रॅकच्या कडेला एक सरळ बाजूंचा पत्र्याचा डबा, त्यात स्टीलची पट्टी उभी धरून मिलिमीटर बघायचे. एका दिवशी आकड्यापुढं 'मुंगी' असं लिहिलेलं होतं. मी विचारलं. डब्यात मुंगी पडली होती, तिला पानावर काढून बाहेर ठेवल्याशिवाय पट्टी घालता येईना, त्या वेळात थोडं पाणी सांडलं, म्हणून आकडा एखाद्या मिलिमीटरनं कमी असेल, ही नोंद. माझ्या नोकरीत मी बऱ्याच नोंदी पाहिल्या. इतकी प्रामाणिक नोंद दुसरी नाही.

"ह्यातला खरं बोलनारा कोन, एवढं काढून द्या," ते म्हणाले.

मी म्हटलं, एका हंगामावरून सांगणं बरोबर नाही, अजून एक होऊ द्या. त्यांनी पुढच्या हंगामातही एक दिवस न चुकवता वही भरली. फेब्रुवारी ते एप्रिल, दोन हंगाम मिळून एकशे अठ्ठ्याहत्तर दिवस. मी रविवारची दुपार घालून टक्केवारी काढली. मास्तर, म्हणजे जो कधीच हो किंवा नाही म्हणत नाही, वीस टक्के, चाळीस टक्के असंच बोलतो, त्याचा पन्नासच्या वर आकडा असेल तर 'पाऊस' धरायचा, असं आम्ही ठरवलं. मास्तर साडेपंच्याण्णव टक्के बरोबर निघाला. पाव्हणा आणि सरकारी चौऱ्याण्णवच्या आसपास. रडक्या, जो दर दोन-तीन दिवसांनी ढग काढून रडायचा, तो फक्त एकाहत्तर. मी तीनदा तपासलं. गणित बरोबर होतं. मी तो कागद अण्णांना दिला आणि त्यांनी तो घडी घालून मोबाईलच्या पिशवीत ठेवला.

ती बातमी गावात पसरायला वेळ लागला नाही. सकाळी बस्तीतून, म्हणजे जैन मंदिरातून, दर्शन घेऊन बाहेर पडणारी मंडळी कट्ट्यावर अण्णांची वाट बघू लागली. "अण्णा, आज काय म्हनतंय?" ज्यांच्या रॅकवर माल आहे ते घाईनं विचारत, ज्यांच्या नाही ते थट्टेनं. एक जण म्हणायचा, "आवं अण्णा, माझी म्हस कवा व्यायची ते बी बघा त्यात." अण्णा शांतपणे म्हणायचे, "तुझ्या म्हशीचं ॲप न्हाई आलं अजून. आलं की पयलं तुलाच सांगतो गड्या." थट्टा करणाऱ्यांनीही माल रॅकवर टाकायच्या आदल्या दिवशी त्यांना विचारल्याशिवाय टाकला नाही.

या विचारणाऱ्यांत सुकुमार होता. चाळिशीचा, अण्णांच्या भावकीतला, कालव्यापलीकडं दीड एकर बाग. इतकी वर्षं तो आपला माल अण्णांच्याच रॅकवर सुकवायचा. त्या वर्षी त्यानं पहिल्यांदा स्वतःचा रॅक उभा केला होता. तिसरा हंगाम, मार्चचा महिना. रॅकवर त्याच्या मालाचा तिसरा दिवस, म्हणजे सगळ्यात नाजूक, आणि त्याच दिवशी उंब्रजला त्याच्या धाकट्या बहिणीचा साखरपुडा. घरातल्या सगळ्यांना जायचं होतं. झाकून जावं तर दिवसभर कागदाखाली वाफ. उघडं टाकून जावं तर आकाशाचा भरवसा नाही.

मी शाळेत जाताना कट्ट्यापाशी थांबलो होतो, त्यामुळे पुढचं बोलणं मी स्वतःच्या कानांनी ऐकलेलं आहे.

"अण्णा, झाकू का नगं? एकच शब्द सांगा," सुकुमार म्हणाला.

अण्णांनी रबर काढलं. "सरकारी न्हाई म्हनतोय. पाव्हणा न्हाई. मास्तर धा टक्के. रडक्या म्हनतोय चार वाजता."

"रडक्याचं धरायचं का?"

"त्यो कवा रडत न्हाई?" लोक हसले. अण्णांनी माझ्याकडं एकदा बघितलं. "भाऊसाहेबांनी काढून दिलंय, एकाहत्तर टक्के. त्येच्यापायी पोरीच्या साखरपुड्यात जीव टांगून बसू नगंस. जा तू. बिनघोर जा."

सुकुमार मुलाबाळांना घेऊन गेला.

दोन वाजून वीस मिनिटांनी मला शाळेत अण्णांचा फोन आला. आवाज चढलेला. "भाऊसाहेब, सुकुमारचा दुसरा नंबर हाय का तुमच्याकडं? ह्यो लागंना." माझ्याकडं नव्हता. मी खिडकीतून बघितलं तर पूर्वेला ढग काळे झाले होते. एक तास कसा गेला ते सांगता येत नाही. मी फीच्या पावत्या लावत होतो आणि त्या लागत नव्हत्या. तीन वाजून वीस मिनिटांनी पत्र्यावर पहिला आवाज आला. पंचवीस मिनिटं पडला. अण्णांच्या डब्यात चौदा मिलिमीटर.

मधल्या तासात काय झालं ते मला काकींनी सांगितलं. ढग बघून अण्णांनी आधी स्वतःचा रॅक झाकायला घेतला. वरचा कागद, बाजूचे पडदे, दोऱ्या. अण्णा, काकी आणि दोन गडी, चाळीस मिनिटं लागली. मग ते दोन्ही गडी घेऊन अण्णा कालव्यापलीकडं धावले. आम्ही पहिल्यांदा भेटलो तेव्हा ते बासष्टचे होते, आता त्यांची पासष्टी उलटली होती. सुकुमारच्या रॅकवर निम्मा कागद चढला आणि पाऊस आला. वारा होता, त्यानं तो निम्माही उडवला. अण्णा कागदाचं एक टोक धरून पाऊस थांबेपर्यंत भिजत उभे राहिले.

संध्याकाळी सुकुमार उंब्रजहून आला. नवे कपडे अंगावरच, कपाळाला कुंकू. रॅकच्या खालच्या जाळीतून पाणी गळत होतं. आम्ही पाच-सहा जण उभे होतो. तो ओरडेल असं वाटलं होतं. तो हळू बोलला.

"अण्णा, तुमी मला बिनघोर जा म्हनालासा."

"व्हय."

"आनि तुमी सवताचं आधी झाकलासा."

अण्णा म्हणाले, "व्हय."

फोन केले होते, अकरा वेळा केले होते, हे मी सांगायला पुढं झालो तर त्यांनी हातानंच मला थांबवलं. दुसऱ्या दिवशी आपला निम्मा माल तुझा, असा निरोप त्यांनी काकींच्या हाती पाठवला. सुकुमारनं उलटा निरोप पाठवला, "माल नगं. मला इचारायचंय त्ये इचारलं." आणि त्या दिवसापासून तो अण्णांशी बोलेनासा झाला. कट्ट्यावर अण्णा आले की तो चपला घालून निघायचा.

मला त्या आठवड्यात जेवण गेलं नाही. रविवारी मी वहीची माझी नक्कल काढून पुन्हा बसलो. या वेळी प्रश्न फिरवून घेतला. खरोखर पाऊस पडला असे दिवस किती? नऊ. त्या नऊ दिवसांपैकी आधी कोणी किती वेळा सांगितलं? मास्तरनं तीन. सरकारीनं दोन. पाव्हण्यानं एक. रडक्यानं नऊ. नऊपैकी नऊ. तो बावन्न वेळा उगाच रडला होता, पण एकदाही चुकवला नव्हता. मग मी आणखी एक गणित केलं. आमच्या अंगणात एक दगडी जातं पडलेलं होतं. त्या जात्याला रोज सकाळी विचारलं असतं आणि त्यानं रोज 'नाही' म्हटलं असतं, तर तेही एकशे अठ्ठ्याहत्तर दिवसांत पंच्याण्णव टक्के बरोबर ठरलं असतं. मी काढलेली टक्केवारी जात्याची होती. मुळात ज्या महिन्यांत पाऊस क्वचित पडतो तिथं 'नाही' म्हणणारा शहाणा दिसणारच. एवढं साधं मला दिसलं नव्हतं, आणि तीनदा तपासूनही दिसलं नव्हतं.

मी वही घेऊन अण्णांकडं गेलो. ते रॅकखाली बसून पाटीतले काळे मणी वेगळे करत होते. त्यांच्या मालालाही कडेनं थोडं लागलं होतं. मी सगळं सांगितलं, रकाने दाखवले. म्हटलं, "चूक माझी आहे. मी सुकुमारला जाऊन सांगतो."

अण्णांनी नऊ दिवस बोट लावून मोजले. मग वही मिटली.

"कुठं जाऊ नगा. आकडं तुमचं खरंच हायतं. एकाहत्तर बी खरं आनि नवापैकी नऊ बी खरं. पर 'बिनघोर' ह्यो शब्द तुमच्या आकड्यात कुठं व्हता? त्यो मी घातला." पाटी जवळ ओढून म्हणाले, "मला कळत व्हतं हो भाऊसाहेब. रडक्या रडतोय म्हटल्यावर 'झाकून जा' म्हनायचं तोंडावर आलं व्हतं. पर धा लोक ऐकत व्हती आनि मला लय बरं वाटत व्हतं."

त्यानंतर त्यांनी सल्ला देणं बंद केलं. वही चालू राहिली, ॲपंही राहिली. कट्ट्यावर कोणी विचारलं तर चारही वाचून दाखवायचे, शाळेत हजेरी घेतात त्या आवाजात, आणि मोबाईल पिशवीत. "पर अण्णा, तुमाला काय वाटतं?" "मी वाचतो. वाटत न्हाई मला काय." रात्रीचं जेवण आधीच नव्हतं, आता सकाळचंही कमी झालं. काकी मला म्हणाल्या, "ह्यास्नी डाक्टरला दाखवायला सांगा की, तुमचं ऐकत्यात." मी सांगितलं. ते म्हणाले, "हंगाम सरू द्या."

हंगाम सरला आणि मे महिन्याच्या उन्हात मी त्यांना कालव्यापलीकडं चाललेलं पाहिलं. मागं एक गडी, त्याच्या खांद्यावर लोखंडी पाईप, अण्णांच्या हातात विहिरीला लावतात तसल्या चार कप्प्या आणि दोरांचं वेटोळं. ते सुकुमारच्या रॅकवर चढले. सुकुमार बांधावर उभा होता. त्यानं या म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. अण्णांनी काय केलं, तर प्लास्टिकचा कागद रॅकच्या एका कडेला पाईपवर गुंडाळून ठेवला आणि दोर कप्प्यांवरून दुसऱ्या टोकाला नेला. खाली उभं राहून दोर ओढला की कागद छतावर सरकत जायचा. बाजूच्या पडद्यांनाही तसंच. तीन दिवस ते काम चाललं. चौथ्या दिवशी मला बोलावलं, मोबाईलवर वेळ लावायला. दोन माणसं, अकरा मिनिटं. आधी चाळीस, आता अकरा. उघडायला सात.

"रडक्या सकाळी काय म्हनतोय, मास्तर काय म्हनतोय, त्येचं मरू दे," अण्णा मला म्हणाले, पण बांधावर ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "ढग डोळ्यांनी दिसल्यावर पाऊस यायला पंधरा-वीस मिंटं तरी लागत्यात. अकरा मिंटांत झाकता आलं तर सकाळी कुनाला इचारायचं कारनच काय?"

मी म्हटलं, "तुमच्या रॅकला कधी बसवणार?"

"आधी ह्येचं," ते म्हणाले. "मग माझं."

स्वतःच्या रॅकला त्यांनी ती कप्पी दिवाळीनंतर बसवली. पुढच्या हंगामात कट्ट्यावर चारही ॲपं वाचून झाली की शेवटी ते एक शब्द जास्त बोलू लागले: "अकरा मिंटं." हळूहळू आसपासच्या रॅकांवरही कप्प्या दिसू लागल्या. सुकुमार मात्र बोलला नाही. पाऊस आला की दोर ओढायचा, आणि कट्ट्यावर अण्णा आले की उठायचा.

दोन वर्षांनी माझी बदली साताऱ्याला झाली. निघताना अण्णांनी माझ्या फोनवर ती चार ॲपं घालून घेतली. "तिकडं काय म्हनत्यात आनि खरं काय हुतंय ते कळवत जावा. तुमी तिथं हाईसा, तुमी खरं सांगनार." रोज सकाळी सव्वासहाला फोन यायचा. साताऱ्याला पाऊस पडला म्हणून पलूसला पडतो असं काही नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. पण वहीत त्यांनी साताऱ्याचा एक रकाना आखला होता आणि तो कोरा राहिलेला त्यांना चालत नसे. मी खिडकीतून हात बाहेर काढायचो आणि सांगायचो.

गेल्याच्या गेल्या वर्षी मार्चमध्ये फोन काकींचा आला. अण्णांच्या छातीत दुखत होतं, मिरजेला मोठ्या डॉक्टरांकडं न्यायचं होतं, आणि अण्णा गाडीत बसायला तयार नव्हते. रॅकवर मालाचा दुसरा दिवस. मुलगा पुण्याहून परस्पर मिरजेला येणार होता. मी पहिल्या गाडीनं निघालो, कराडला बदलली, साडेनऊला पलूसला पोचलो.

अंगणात जीप उभी होती. अण्णा ओट्यावर बसलेले, चेहरा पांढरा, हातात मोबाईल. काकी पिशवी भरून गाडीत बसून होत्या. "भाऊसाहेब, बघा हो," अण्णा म्हणाले, "रडक्या चार वाजता म्हनतोय. मास्तर तीस टक्के. आज नगं. परवा जातो." गड्यांचा दोर ओढण्याचा सराव आहे, मी स्वतः थांबतो, असं मी सांगत होतो. ते मान हलवत होते. त्यांना श्वास घ्यायला त्रास होत होता आणि ते मला मास्तरचे आकडे वाचून दाखवत होते.

तेवढ्यात कुंपणापाशी सुकुमार दिसला. गड्यानं सांगितलं म्हणून आला की आपणहून, मी विचारलं नाही. तो आत आला, अण्णांसमोर उभा राहिला. चार वर्षांत तो त्या अंगणात आला नव्हता.

"चला अण्णा. बसा गाडीत."

अण्णांनी मोबाईल मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "तुझ्या बी रॅकवर माल हाय."

"हाय की."

"दोनीवर माल हाय. ढग आला तर आधी कुनाचं झाकनार?"

सुकुमारनं टोपी काढून परत घातली. "माझं," तो म्हणाला. "माझं आधी झाकनार. तुमच्याकडनंच शिकलोय."

गाडीतल्या काकींनी डोळे मिटून घेतले. मी अण्णांकडं बघायचं टाळलं. आणि मग मला अण्णांचं हसू ऐकू आलं. दम लागत होता तरी हसत होते, छातीवर हात धरून.

"अकरा मिंटं माझं," सुकुमार म्हणाला, "पाच मिंटं पळायला, अकरा मिंटं तुमचं. भाऊसाहेबांना गनित घाला पायजे तर. उठा आता. बिनघोर जावा."

त्यानं हात दिला आणि अण्णा उठले. जीपच्या मागच्या सीटवर त्यांना टेकवून बसवलं. दार लावताना त्यांनी मोबाईल पिशवीत घातला, रबर चढवलं आणि ती पिशवी सुकुमारच्या हातात दिली. वही ओट्यावर राहिली होती, ती मी उचलली.

त्या दिवशी पलूसला पाऊस आला नाही. रडक्यापुढं मी फुली मारली आणि शेवटच्या रकान्यात शून्य लिहिलं. सुकुमार दुपारी दोनपासून सहापर्यंत दोन्ही रॅकच्या मधे, कालव्याच्या पुलावर बसून होता. अण्णांचं मिरजेला ऑपरेशन झालं, तिथून ते मुलाबरोबर पुण्याला गेले, आणि पाच महिन्यांनी तिथंच वारले. मला पुण्याला जाणं जमलं नाही, त्यामुळे माझ्या डोळ्यांसमोर आहेत ते जीपमधलेच अण्णा.

जीप मळ्याच्या रस्त्यानं निघाली. सकाळचे दहा वाजले होते, आकाशात कुठं ढगाचा ठिपका नव्हता. वळणापाशी गाडी जरा हळू झाली, आणि मागच्या खिडकीतून एक हात बाहेर आला. आम्हाला निरोप देतायत असं वाटून मी माझा हात वर केला. पण तो हलत नव्हता. तळवा वर करून तो तसाच पसरलेला होता, गाडी वळून दिसेनाशी होईपर्यंत.